तीन बोटांचं तोंड

अश्विन गजभियेचं तोंड बंद होत चाललंय, हे मध्य प्रदेशातल्या बालाघाटात लोकांना कळलं ते त्याच्याच भोंग्यातून. घरी बायकोला, पौर्णिमाला, ते कधीचं ठाऊक होतं.

अश्विनचा धंदा आवाजाचा. ऑटोच्या टपावर दोन भोंगे बांधलेले, एक हात हँडलवर, दुसऱ्या हातात माइक, आणि दिवसभर वॉर्डावॉर्डातून फिरून लोकांना खबर द्यायची. साड्यांचा सेल, शाळेतली भरती, नळाला पाणी येणार नाही, कुणाची म्हातारी घरून निघून गेली, सगळं त्याच्या तोंडून. बाकीचे ऑटोवाले हल्ली पेनड्राइव्ह लावून मोकळे होत. अश्विनला ते पटायचं नाही. "रेकॉर्डिंग कोणी आइकते का? माणूस बोलला तं माणूस आइकते," असं तो म्हणायचा. त्याची हिंदी अशी ठसठशीत, की कोर्टातले वकीलसुद्धा खिडकीशी यायचे.

त्या उन्हाळ्यात बसस्टँडच्या पलीकडच्या एका दाताच्या दवाखान्यात नवं मशीन आलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी जाहिरातीचं काम अश्विनला दिलं. "दांतों का इलाज, अब लेझर से! ना टांके, ना ज्यादा खून!" एवढंच बोलायचं होतं. अश्विन सकाळपासून बोलत फिरला. पण त्याचे ओठ धड हलत नव्हते, जीभ दातांमागेच अडकत होती, आणि 'लेझर'चं होत होतं 'लेदर'. दुपारी दोन बायका दवाखान्यात शिरून चपलांचा सेल कुठंय म्हणून विचारू लागल्या. कंपाउंडर पोट धरून हसला. डॉक्टर मंजुषा हसल्या नाहीत. ऑटो परत समोरून जाताना त्या स्वतः रस्त्यावर आल्या, हात आडवा केला आणि म्हणाल्या, "दादा, माइक बंद करा. आत या. मला तोंड उघडून दाखवा."

पौर्णिमाला फोन आला तेव्हा ती अंगणवाडीत एका रडक्या पोराला वजनकाट्यावर बसवत होती. ती त्या वॉर्डातली अंगणवाडी सेविका. पोरांची वजनं, गर्भार बायकांच्या गोळ्या, मोबाइलवर भरायची माहिती, आणि वरून साहेब लोक कधीही दारात. फोनवर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुमच्या मिस्टरांना बसवून ठेवलंय. तुम्ही येऊ शकाल का?"

तिच्या छातीत धस्स व्हायला हवं होतं. झालं ते असं, की तिने डोळे मिटले आणि मनात म्हटलं, आता हे पण.

अश्विनचं खाणं दोन वर्षांपासून बदलत गेलं होतं. आधी तिखट लागेना. तोंडात आग होते म्हणून तो ताट सरकवायचा, आणि ती बिनमिरचीची भाजी वेगळी टाकायची. मग पोळी चावता येईना. ती पोळी दुधात कुस्करायला लागली. मग मोठा घास जाईना, तेव्हा गुरगुट्या भात आणि पेज. सासू शेवंताबाईंना दात नव्हते, त्यांची गत निराळी. एका छोट्या स्वयंपाकघरात रोज तीन तऱ्हांचं शिजायचं आणि पौर्णिमा स्वतः काय खाते हे तिलाच रात्री आठवायचं नाही. तिने कितीदा त्याच्या खिशातून खर्र्याची पन्नी काढून फेकली होती. सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून घोटून केलेला तो खर्रा. त्याची सवय त्याला लग्नाआधीपासूनची, गोंदियाच्या मित्रांनी लावलेली. तो म्हणायचा, "खर्रा नसला तं माझा आवाज उठत नाही." ती म्हणायची, "आता आहे तरी कोठी आवाज?"

दवाखान्यात अश्विन खुर्चीवर आडवा होता, शाळेत पकडलेल्या पोरासारखा. डॉक्टर मंजुषा मूळच्या भंडाऱ्याच्या, लग्न होऊन इथे आलेल्या. पौर्णिमाला त्यांनी हातमोजा दिला आणि म्हणाल्या, "ताई, जरा बोट आत घालून बघा. मी सांगण्यापेक्षा तुम्हालाच कळेल."

पौर्णिमाने तर्जनी नवऱ्याच्या ओठांमधून आत सरकवली. एकच बोट, तेही दातांना घासत गेलं. गालाच्या आतून हात फिरवला तर गाल गालासारखा लागेना. वाळलेल्या चामड्यासारखा ताठ, आणि त्यात उभ्या उभ्या सुतळ्या. तिने बोट बाहेर काढलं आणि हातमोजा काढायचाच विसरली. एवढी वर्षं ज्या माणसाच्या शेजारी झोपलो त्याच्या तोंडात दोरखंड वळले जात होते, आणि आपण पेज शिजवत होतो.

"हे सुपारीचं काम," डॉक्टर म्हणाल्या. "तंबाखूचे धोके वेगळे. पण तोंड आवळतं ते सुपारीनं. चांगल्या तोंडात स्वतःची तीन बोटं उभी मावतात. दादांना एक जात नाही. आजपासून खर्रा बंद. अगदी बंद."

अश्विनने खर्रा सोडला. त्याचं श्रेय त्याला द्यायला हवं. सोडला, पण घर डोक्यावर घेतलं. भाताला वाफ जास्त, पंख्याला आवाज जास्त, आईची खोकण्याची पद्धत चुकीची. पौर्णिमा ऐकून घ्यायची. दर आठवड्याला गालात इंजेक्शनं सुरू झाली. तोंडातली आग कमी झाली, पण तोंड उघडलं ते जेमतेम नखभर. शेवटी डॉक्टरांनी लेझरची गोष्ट काढली.

"आतल्या त्या दोऱ्या लेझरनं कापता येतील. रक्त कमी जाईल, टाके लागणार नाहीत, भूल फक्त तोंडापुरती. पण एक गोष्ट नीट ऐका दादा. कापल्यानंतर रोज तोंड ताणायचा व्यायाम करावा लागतो. दुखतं. महिनोन् महिने करावा लागतो. नाही केला तर जखम भरताना गाल परत आवळतो, कधी कधी आधीपेक्षाही जास्त."

अश्विनने पहिली दोन वाक्यं ऐकली. बाहेर येताच त्याने चहाच्या टपरीवरच्या भैयालालला सांगितलं, "लाइट मारते अन् झालं!" घरी येऊन जबलपूरला कॉलेजात असलेल्या मुलीला, रूपालीला, फोन करून सांगितलं, आणि पोरगी म्हणाली, "पापा, सच में? एकदम ठीक हो जाओगे?" तो म्हणाला, "एकदम." पौर्णिमा बाजूला भाजी निवडत होती. तिने शेवटची वाक्यंही ऐकली होती. पण ती काही बोलली नाही. बोलायचं म्हणजे भांडायचं, आणि भांडायलाही अंगात जोर लागतो.

लेझरच्या दिवशी डॉक्टरांनी तिला आत बसू दिलं. तिच्या मनात होतं मोठं यंत्र असेल, सिनेमातल्यासारखं. निघालं मिक्सरएवढं. त्यातून एक बारीक तार निघालेली, पेनच्या रिफिलसारखी, आणि तिच्या टोकाला लाल ठिपका. सगळ्यांनी जाड हिरवे चष्मे घातले. अश्विनच्याही डोळ्यांवर चष्मा, तोंडात कापसाचे बोळे. सुया टोचून झाल्या. मग मशीन टीं टीं वाजू लागलं आणि डॉक्टरांचा हात अगदी हळूहळू, जणू काही लिहीत असल्यासारखा, गालाच्या आत सरकू लागला. कंपाउंडर नळीने धूर ओढून घेत होता, तरी वास आला. केस जळाल्यासारखा. पौर्णिमाने पदर नाकाला लावला.

खोलीत एसी होता. खुर्ची मऊ होती. चष्म्यातून सगळं हिरवंगार, शांत दिसत होतं, आणि कुणीही तिला काही मागत नव्हतं. कुठल्या क्षणी तिची मान कलली ते तिला कळलंच नाही. कंपाउंडरने खांद्याला हात लावून उठवलं तेव्हा डॉक्टर हातमोजे काढत होत्या. "झालं ताई. झोप लागली होती तुम्हाला. म्हटलं राहू दे."

शरमेने तिचे कान तापले. नवऱ्याचा गाल जळत होता आणि ती घोरत होती.

"बघा," डॉक्टर म्हणाल्या. "दादा, तुमचीच बोटं घाला."

अश्विनने तीन बोटं एकावर एक धरली आणि तोंडात घातली. गेली. तो तसाच बसून राहिला, बोटं तोंडात, आणि डोळ्यांतून पाणी कानांकडे ओघळत गेलं. मग बोटं काढून त्याने "आ" केलं. भूल उतरलेली नव्हती, आवाज घोगरा होता, पण तो पूर्ण 'आ' होता. पौर्णिमाने तो कितीतरी दिवसांनी ऐकला. तिलाही रडू आलं, आणि मघाची शरम त्यात धुऊन गेली.

घरी त्याने दहीभात खाल्ला, चमचा भरून भरून. शेवंताबाईंना तोंड उघडून दाखवलं. त्यांनी टॉर्च मारून पाहिलं आणि मागे सरकल्या. "अंदर तं पांढरं पांढरं होऊन गेलं बाप्पा! बंद कर, बंद कर ते."

दुसऱ्या दिवशी भूल पुरती उतरलेली होती.

डॉक्टरांनी लाकडी पट्ट्यांचा गठ्ठा दिला होता, आइसक्रीमच्या काड्यांसारख्या, जरा रुंद. वरच्या आणि खालच्या दातांमध्ये जेवढ्या जातील तेवढ्या घालायच्या, मग मधून आणखी एक सरकवायची, आणि तसंच धरून ठेवायचं. दिवसातून अनेक वेळा. पहिल्या दिवशी अश्विनने केलं, कण्हत का होईना. दुसऱ्या दिवशी म्हणाला सूज आहे. मग म्हणाला लाळ गळते, लोकांसमोर कसं करू. मग अंगणवाडीतून आल्यावर पौर्णिमा विचारी, "केलं का?" तो म्हणे, "हौ." आणि पट्ट्या कोरड्या ठणठणीत, खिडकीत तशाच.

म्हणून तिने ते काम अंगावर घेतलं. सकाळी उठल्यावर आधी त्याच्यापुढे पट्ट्या. दुपारी जेवणाच्या सुट्टीत सायकल दामटत घरी, पट्ट्या. संध्याकाळी पोळ्या लाटता लाटता मागे वळून, "आणखी एक सरकवा." तो डोळे वटारी, हुं हुं करी, तिचा हात झटकी. एकदा चिडून म्हणाला, "तुले काय समजते दुखणं! तुझ्या तोंडात काय होऊन राह्यलं का?"

तिच्या दिवसात तिची अशी एकच वेळ होती. पहाटे, सगळे झोपलेले असताना, मागच्या दाराशी नळाजवळ ती बसायची आणि बोटावर गुडाखू घेऊन दात घासायची. तंबाखू आणि गुळाचं ते काळं, ओलसर मंजन. लग्नाच्या पहिल्या वर्षी दाढ दुखली तेव्हा शेवंताबाईंनीच डबी पुढे केली होती. दाढ थांबली, डबी राहिली. वॉर्डातल्या निम्म्या बायका घासायच्या. त्याला कुणी व्यसन म्हणत नव्हतं. घासताना डोकं हलकं व्हायचं, हातपाय सैल पडायचे, आणि जरा वेळ कुणाचं काही ऐकू येत नसे. अश्विनच्या खर्र्यावर ती तोंडसुख घ्यायची तेव्हाही तिच्या मनात हे आलं नव्हतं. ते मंजन होतं.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी मापपट्टी लावली आणि त्यांचा चेहरा पडला. तीन बोटांचं तोंड दोनावर आलं होतं. "दादा, व्यायाम होत नाहीये." अश्विन छताकडे पाहत राहिला. डॉक्टर पौर्णिमाकडे वळल्या. बाहेर बाकावर पेशंट ताटकळत होते, त्याही सकाळपासून उभ्याच असाव्यात, आवाजात वैताग उतरला. "ताई, तुम्ही लक्ष ठेवा ना. असं कसं चालेल?"

"मीच काहून?"

पौर्णिमाला स्वतःचाच आवाज परका वाटला. तो मोठा नव्हता. पण थांबेना.

"मीच काहून लक्ष ठेवू मॅडम? सकाळी मी, दुपारी मी, संध्याकाळी मी. पोरं मोजून येते, घरी येऊन ह्यांच्या तोंडातल्या पट्ट्या मोजते. थो माणूस चाळीस पार करून गेला. तोंड त्याचं आहे. मी थकली आता. उघडू नका तं नका उघडू, मले पाह्यचंच नाही."

अश्विनने तोंडावरचा रुमाल खाली घेतला. डॉक्टर मंजुषांनी स्टूल ओढलं, त्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "खरं आहे. मी चुकीच्या माणसाला बोलले." मग त्या तिच्याकडे तसंच पाहत राहिल्या, आणि पौर्णिमाला वाटलं आता पाणी वगैरे देतील. पण त्यांची नजर तिच्या ओठांवर होती. "ताई, तुम्ही गुडाखू घासता?"

"हौ. सगळ्याच घासते."

"दादा, उठा तुम्ही. ताई, जरा इथे आडव्या व्हा."

"मले काही नाही झालं."

"नसेल तर उत्तमच."

खालचा ओठ उलटून, हिरडीच्या खाचेत त्यांनी दिवा धरला. बराच वेळ. गॉजने पुसून पाहिलं, परत पुसलं. जिथे बोटाने गुडाखू टेकवायची तिथे एक पांढरा चट्टा होता, पुसून न जाणारा, सुरकुतलेला, हाताला खरबरीत. दुखत कधीच नव्हता. म्हणून कधी कळलाही नव्हता.

"ह्याचा तुकडा काढून नागपूरला तपासायला पाठवावा लागेल," डॉक्टर म्हणाल्या. आवाज पार बदलला होता.

"तो लाइट मारून टाका ना, लगेच," दाराशी उभा अश्विन म्हणाला.

"आधी कळू दे काय आहे ते. आणि तपासायचा तुकडा ब्लेडनंच घेते मी. लेझरनं घेतला तर कडा जळतात, तपासणाऱ्याला नीट दिसत नाही."

पौर्णिमा खुर्चीवर पडल्या पडल्या छताकडे पाहत होती. तिच्या मनात पहिला विचार आला, संध्याकाळचा स्वयंपाक कोण करेल. आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा आला. तो तिने पुढे कधी कुणाला सांगितला नाही. तिला वाटलं, बरं झालं. आता मी आजारी आहे. आता मला पडून राहता येईल. भीती त्यानंतर आली, ऑटोत बसल्यावर.

नागपूरहून उत्तर येईपर्यंत घरात सगळं सुरळीत चाललं होतं, आणि कुणी कुणाच्या डोळ्यांत पाहत नव्हतं. रूपालीला काही कळवायचं नाही असं ठरलं, पण शेवंताबाईंनी फोनवर सांगून टाकलं. पोरगी रडत रडत ओरडली, "आप दोनों एकदम लापरवाह हो, मम्मी!" पौर्णिमा म्हणाली, "हौ बेटा." गुडाखूची डबी तिने त्याच दिवशी नालीत फेकली होती. त्यामुळे डोकं ठणकायचं. पोरांच्या रडण्याने कपाळावर हातोडे पडायचे. पहाटे ती नळाशी जाऊन बसायची, रिकामं बोट ओठावर ठेवायची आणि परत उठायची. एकदा राहवलं नाही. शेजारच्या दुर्गाबाईच्या डबीतून घेऊन घासलंच. घासताना मळमळलं, आणि तरी बरं वाटलं, आणि मग तिला स्वतःचा असा कंटाळा आला की ती तिथेच ओल्या फरशीवर बसून राहिली.

अश्विन मागच्या दारात उभा होता. त्याने पाहिलं होतं. ती वाट बघत होती की आता तो बोलेल, इतके दिवस तिने ऐकवलेलं सगळं परत करेल. तो तिच्या शेजारी येऊन उकिडवा बसला.

"मले आठ दिवस तं दिसतच नव्हतं काही," तो म्हणाला. "खर्रा सोडल्यावर. पुलावर ऑटो थांबवून बसत होतो मी. तुले नाही सांगितलं."

"काहून नाही सांगितलं?"

"तू आधीच थकून येत होती."

तिने तोंड धुतलं. त्या दिवशी सकाळी चहा त्याने टाकला. साखर घालायला विसरला.

रिपोर्ट आला. कॅन्सर नव्हता. डॉक्टर मंजुषांनी दोघांना समोर बसवून सांगितलं, की पेशी बदलायला मात्र लागल्या आहेत, तसंच सोडलं तर पुढे काय होईल सांगता येत नाही. चट्टा लेझरने काढून टाकायचा, गुडाखूला परत हात लावायचा नाही, आणि दर काही महिन्यांनी येऊन दाखवायचं. "कायमचं?" पौर्णिमाने विचारलं. "बरीच वर्षं," त्या म्हणाल्या. पौर्णिमाला ते 'बरीच वर्षं' ऐकून आधी दमल्यासारखं झालं. मग लक्षात आलं, की डॉक्टर तिला वर्षं देत होत्या.

ह्या वेळी हिरवा चष्मा घालून कोपऱ्यात अश्विन बसला. त्याला झोप लागली नाही. मशीन वाजायला लागलं तसा तो विचारत सुटला. "मॅडम, तिले दुखून तं नाही राह्यलं? मॅडम, धूर जास्त निघून राह्यला काय? पौर्णिमा, तू बोट हलव, दुखलं तं बोट हलव." डॉक्टरांनी हात थांबवला आणि त्याला बाहेर बसायला सांगितलं. पौर्णिमाच्या ओठाला भूल होती, नाहीतर ती हसली असती. लाल ठिपका तिला दिसत नव्हता. फक्त वास येत होता, जळक्या केसांचा, आणि हा आपलाच वास आहे हे मनाला पटत नव्हतं.

जखम भरेपर्यंत गरम नाही, तिखट नाही, जास्त बोलणं नाही. घरात आता तिघांनाही चावता येईना. अश्विनने पेज शिजवली. पहिल्यांदा ती खाली लागली, दुसऱ्यांदा पाण्यासारखी झाली, आणि शेवंताबाई म्हणाल्या, "ह्याच्यापेक्षा तं मी नळाचं पाणी पिते." मग म्हातारी स्वतःच उठली, भिंतीला धरत चुलीशी आली आणि मुलाला तांदूळ किती घ्यायचे ते दाखवू लागली. पौर्णिमा खाटेवरून ते ऐकत होती. पातेलं चुकीचं घेतलंय, हे तिला भांड्याच्या आवाजावरून कळलं. उठून सांगावंसं वाटलं. ती कूस बदलून पडून राहिली.

पट्ट्यांचं तिने नाव काढलं नाही. एका सकाळी तिला आरशासमोर अश्विन दिसला. तोंडात पट्ट्यांची थप्पी, डोळ्यांत पाणी, आणि हातात आणखी एक पट्टी, जी आत जात नव्हती. तो तसाच उभा राहिला, मग भिंतीवर एक बुक्की मारली, आणि ती पट्टी आत सरकवली. तिच्याकडे वळून त्याने बोटांनी खुणावलं, किती झाल्या बघ. ती पुटपुटली, "मले नका सांगू." त्याने मान हलवली आणि परत आरशाकडे वळला. रोज करायचा असं नाही. काही दिवस सरळ टाळायचा, आणि मग दुसऱ्या दिवशी जास्त दुखायचं. पण ते आता त्याचं त्यालाच कळत होतं. त्याचा आवाज थोडा मोकळा झाला. पहिल्यासारखा नाही. काही दुकानदार तोवर पेनड्राइव्हकडे गेलेच होते, ते परत आले नाहीत. जे आले त्यांच्यासाठी तो सावकाश, शब्द सुटे सुटे करून बोलायचा.

पावसाळा सरल्यावर दोघं एकत्र तपासणीला गेले. पौर्णिमाच्या ओठाच्या खाचेत गुलाबी, साधी कातडी आली होती. डॉक्टरांनी गॉजने घासून पाहिलं आणि "चांगलं आहे" म्हणाल्या. अश्विनच्या तोंडात अडीच बोटं गेली. "तिसरं?" त्याने विचारलं. "बघू," डॉक्टर म्हणाल्या. "आहे ते टिकवा आधी." त्यांनी पुढची तारीख दिली. बाहेर बाकावर एक कोवळा पोरगा गालाला रुमाल लावून बसला होता, आणि डॉक्टर मंजुषांनी त्याला आत बोलावण्याआधी दोन्ही हातांनी आपली कंबर दाबून धरली. पौर्णिमाने ते पाहिलं. दारातून निघताना ती म्हणाली, "मॅडम, तुमी बी बसत जा जराक." त्या हसल्या, "हौ ताई," अगदी भंडाऱ्याच्या सुरात.

घरी जाताना फाटक लागलं. मालगाडी येत होती, कोळशाची असावी, संपता संपेना. ऑटो थांबला, मागे मोटरसायकली, एक ट्रॅक्टर, लांजीची बस. पौर्णिमा मागच्या सीटवर कडेला टेकली. डब्यांचा खडखडाट एकसारखा येत होता आणि त्याच्या लयीत तिच्या पापण्या जड झाल्या. तिने त्या सोडून दिल्या.

गाडी गेली. फाटक वर जाताना त्याची घंटी वाजली, मागून हॉर्न सुरू झाले. ऑटो हलला, पण पुढे गेला नाही. रस्त्याच्या कडेला, झाडाखाली थांबला, आणि इंजिन बंद झालं. मागून कुणीतरी ओरडलं, "क्या हुआ भैया, बिगड़ गया क्या?"

"कुछ नहीं भाई, तुम निकलो," अश्विनचा आवाज आला, बारीक, माइकवर कधी नसतो तसा. "वो सो गई है."

पौर्णिमा पुरती झोपलेली नव्हती. डोळे उघडून सांगता आलं असतं, चला, मी जागी आहे, अंगणवाडी पाहायला साहेब येणार आहेत, घरी आई एकट्या आहेत. ट्रॅक्टर गेला, बस गेली, मोटरसायकली गेल्या. तिने डोळे उघडले नाहीत.